बॉक्स उघडला, पुढे काय? फिगरवाल्यांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा ढीग पडलाय आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांचं रडगाणं एकच. रिव्ह्यू बघून फिगर घेतली आणि महिन्याभरात तिचं काहीतरी झालं, गुडघा निघाला, हाताला चिकट लागायला लागली, नाहीतर एका बाजूला कलली. तर या खेपेला गेम आणि कार्टून-ॲनिमेमधल्या (ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून) ॲक्शन फिगर, म्हणजे हात-पाय वळवता येणारे पात्रांचे छोटे पुतळे, हाच विषय. लांबलचक पत्रं मी कापून छोटी केलीत, राग नसावा.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे आणि गेले काही महिने फिगरचे रिव्ह्यू करतोय. बॉक्स उघडतो, आत काय काय आलंय ते दाखवतो, दोन-तीन पोझ आणि शेवटी दहापैकी मार्क. पण माझे सगळ्यांनाच नऊ जातात, मित्र म्हणतात तू तर मार्क वाटतच सुटलायस. नक्की काय बघायचं असतं?

उत्तर: आधी एक सांगते, मी दादा नाही, ताई आहे. असो, निम्मी पत्रं दादालाच येतात, आता सवय झालीय.

नऊ जातात कारण तू पहिल्याच दिवशी मार्क देतोयस. पहिल्या दिवशी कुठलीही फिगर भारीच दिसते, इतके दिवस वाट बघून हातात आलेली असते, जॉइंट घट्ट असतात, रंग कुठे घासलेला नसतो आणि आपल्यालाही ती आवडून घ्यायचीच असते ना. माझी पद्धत अशी, बॉक्स उघडल्या दिवशी फक्त फोटो काढायचे आणि लिहायचं महिन्याभराने. मधला महिना तिला शेल्फवर चढवायची नाही, टेबलावर हाताशी ठेवायची आणि येता-जाता पोझ बदलायची. बॉक्समध्ये आलेले जादाचे पंजे वीसेक वेळा काढघाल केले की मनगटाचा पेग, म्हणजे पंजा बसवायची खुंटी, सैल होतो का ते कळतं. स्टँडशिवाय रात्रभर उभी ठेवली की सकाळी कुठे असते ते कळतं (माझ्याकडची एक रोज सकाळी तोंडावर पडलेली असायची, तिला मी शेवटी झोपलेल्या पोझमध्येच ठेवली). आणि माझी सगळ्यात लाडकी परीक्षा म्हणजे दोन्ही हातांनी एकच तलवार धरता येते का. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी खांदा छातीपुढे यावा लागतो, कोपर नव्वद अंशांच्या पुढे जावं लागतं आणि मनगट आत वळावं लागतं, तिन्ही एकदम जमलं तरच ते जमतं. फायनल फँटसी सेव्हनमधल्या क्लाऊडसारखी अंगापेक्षा मोठी तलवार असेल तर मनगट ते वजन किती वेळ पेलतं तेही बघ, पाच मिनिटांत टोक खाली यायला लागलं तर तेवढं एक वाक्य लिही, मार्क नाही दिलेस तरी चालेल. आणि बॉक्सवर जॉइंटचा आकडा मोठा छापलाय म्हणून खूश होऊ नकोस, मोजून काय उपयोग, ते कुठपर्यंत जातात ते महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे पात्र मुळात कुठून आलंय ते बघ. कार्टूनमधलं पात्र कागदावर जन्मलेलं असतं आणि कागदावर लबाडी चालते. आस्ट्रो बॉयच्या डोक्यावरची ती केसांची दोन टोकं आठव, तो समोर बघो नाहीतर बाजूला, दोन्ही टोकं आपल्याला दिसतातच, मिकी माऊसच्या कानांचंही तेच. फिगर बनवणाऱ्याला ही सोय नाही, त्याला एक जागा ठरवून ते टोक तिथे कायमचं रोवावं लागतं. म्हणूनच ॲनिमेच्या कितीतरी फिगर समोरून हुबेहूब आणि बाजूने कुणी तिसरंच वाटतात, आणि रिव्ह्यूत फोटो मात्र सगळे समोरून. चारी बाजूंनी फिरवून दाखव ना राजा.

गेमचं उलट आहे. हल्लीच्या गेममध्ये पात्राचं थ्रीडी मॉडेल तयारच असतं, त्यामुळे चेहरा, चिलखत, पट्टे, बकल सगळं जसंच्या तसं येऊ शकतं. घोळ होतो हलवताना. गेममध्ये पात्र पळायला लागलं की झगा मांडीतून आरपार जातो, खांद्यावरचं चिलखत मानेत घुसतं आणि खेळताना आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण प्लास्टिक काही प्लास्टिकमधून आरपार जात नाही! मग झगा मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा करतात, किंवा दोन्ही बाजूंनी चिरून ठेवतात, किंवा खरं कापड देतात, आणि यातलं काहीच केलं नाही तर पाय पुढे उचलतच नाही, फिगर आयुष्यभर सावधान उभी. बनवणाऱ्यांनी यातलं काय निवडलं आणि त्यापायी काय सोडलं, हे लिहिलंस ना की तुझा रिव्ह्यू वाचायला लोक थांबतील. जुन्या गेमची गोष्ट आणखी वेगळी. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओला मिशी आणि टोपी मिळाली तीच मुळी एवढ्याशा ठिपक्यांत तोंड आणि केस नीट दाखवता येईनात म्हणून. अशा पात्राची फिगर करायची तर ती पडद्यावरच्या ठिपक्यांवरून की गेमच्या बॉक्सवरच्या चित्रावरून? मला दोन्ही चालतं, पण कशावरून केलीय ते आधी सांगायचं आणि मग चूक-बरोबर काढायचं.

प्रश्न: मी नोकरी करते, स्वतःच्या पैशांनी घेते, तरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की ही अजून बाहुल्या गोळा करते. आईला काय सांगू?

उत्तर: आईचं फारसं चुकत नाही हो. ॲक्शन फिगर हा शब्दच मुळी बाहुली म्हणायला लागू नये म्हणून काढलेला आहे. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने जी.आय. जो हा सैनिक आणला, बारा इंची, एकवीस हलणारे भाग, कपडे बदलता येणारे, म्हणजे पाच वर्षं आधी, १९५९ मध्ये, आलेल्या बार्बीचा भाऊच की. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत अशी धास्ती, म्हणून त्याला डॉल म्हणायचंच नाही, ॲक्शन फिगर म्हणायचं असं ठरलं. तर आईला म्हणा तुझं बरोबर आहे, फक्त धूळ पुसताना तलवारी मोडू नकोस.

प्रश्न: ताई, नवीन फिगरचा गुडघा हलतच नव्हता. जोर लावला, टक् आवाज आला आणि पोटरी हातात. आता काही होऊ शकतं का? लोक म्हणतात आधी गरम पाण्यात बुडवायला हवी होती, ते खरं का?

उत्तर: खरंय, आणि तुम्ही एकटे नाही. मी माझी पहिली चांगली फिगर आणली त्या संध्याकाळीच मोडली, उजवं मनगट. तेव्हा एक गोष्ट शिकले ती आजवर कामी येतेय, मोडायच्या आधी प्लास्टिक सांगतं. गडद रंगाचं प्लास्टिक पिळलं जात असेल तर त्या जागी रंग दुधाळ होतो, पांढरट रेघ उमटते, म्हणजे आतून ताण बसतोय, हात तिथल्या तिथे थांबवायचा. माझ्या मनगटाचा निळा पेग असा दुधाळ झालेला मला दिसला होता, अगदी स्पष्ट दिसला होता, मला वाटलं रंग उडतोय आणि मी अजून थोडं पिळलं.

नवीन फिगरचा जॉइंट बहुतेक वेळा रंगामुळे अडकतो, रंग ओला असताना फटीत उतरतो आणि वाळून गोंदासारखा धरून बसतो. जॉइंट गरम पाण्यात मिनिटभर धरा, पाणी हात पोळेल इतकं चालेल पण उकळतं नको, मग हळूहळू पुढे-मागे करत सोडवा, एकाच दिशेला रेटू नका. पाणी नको असेल तर हेअर ड्रायर. आत लाईट-बॅटरी किंवा लोखंडी पिन असलेली फिगर बुडवू नका. सोडवल्यावर कुरकुरत असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, गंज काढायचा स्प्रे किंवा मशीनचं तेल नको, काही प्लास्टिकला त्याने पुढे तडे जातात. पक्कड तर ड्रॉवरमध्येच राहू द्या. एक लक्षात घ्या, अडलेला आणि मुद्दाम कडक केलेला जॉइंट वेगळा. रॅचेट, म्हणजे दातेरी जॉइंट, असेल तर तो कट-कट करत टप्प्याटप्प्याने जातो, कायोडो या जपानी कंपनीच्या रिव्होल्टेक फिगर तर २००६ पासून त्या आवाजासाठीच ओळखल्या जातात, तिथे आवाज आला म्हणून घाबरायचं नाही.

आता मोडलेल्याचं. नुसत्या सुपरग्लूने पेग चिकटवून उपयोग नाही, पहिल्याच पोझला परत निघतो. दोन्ही तुकड्यांना हाताच्या बारीक ड्रिलने मधोमध एक मिलीमीटरचं भोक पाडा, त्यात तारेचा तुकडा बसवा आणि मग गोंद, तार आतून हाडासारखी धरते. गोंद अगदी टोकावर घ्या, जास्त झाला तर त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. माझं मनगट असंच जोडलंय, तारेवर, आता ते वळत नाही, त्यामुळे तो योद्धा कायम कुणालातरी थांब म्हणत असतो.

आणि याच्या उलट, जॉइंट सैल झालाय म्हणून रडणाऱ्या तिघांना एकत्र उत्तर, जॉइंटच्या गोळ्यावर पाण्यातलं ॲक्रिलिक क्लिअर व्हार्निश पातळ लावा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. नेलपॉलिश लावणारे लावतात, मी लावत नाही, त्यातलं द्रावण एबीएसला, म्हणजे जॉइंटच्या कडक प्लास्टिकला, खाऊ शकतं.

प्रश्न: मी एक फिगर सहा वर्षं सीलबंद ठेवली होती, किंमत वाढेल म्हणून. आता उघडली तर पाय आणि केस चिकट लागतायत, गुळगुळीत नाही, च्यक्क चिकट. खोटी निघाली का? विकणाऱ्याने फसवलं का?

उत्तर: नाही, खोटी नाही, फसवलंही नाही. तुम्हीच तिला कोंडून ठेवलीत.

पीव्हीसी मुळात कडक असतं. केस, झगे, कधी पाय असे भाग लवचिक हवे असतात म्हणून त्यात मऊ करणारं तेलकट रसायन मिसळतात, प्लास्टिसायझर. ते प्लास्टिकला बांधलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतं, आणि गरमी असली की जास्तच. बाहेर शेल्फवर असेल तर थोडंफार उडून जातं, बंद प्लास्टिकच्या खिडकीमागे हवाच खेळत नाही, मग ते तिथेच साचतं. म्हणजे ज्यांनी फिगर बाहेर काढून हाताळली, पुसली, त्यांच्या बऱ्याचदा जास्त चांगल्या राहिल्यात, आणि मला हे सांगताना थोडा आसुरी आनंद होतोय हे लपवत नाही.

करायचं काय, तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, दहा मिनिटं, मग फडक्यावर सावलीत वाळवायची. कापडी कपडे आणि स्टिकर असतील तर ते सांभाळून. अल्कोहोल लावू नका, चिकटपणाबरोबर रंगही निघतो. हे एकदा करून संपत नाही, काही महिन्यांनी परत चिकट होईल, परत धुवायची. ऊन तर अजिबातच नको, पीव्हीसी उन्हात नरम पडून फिगर घोट्यातून वाकते आणि पांढरं एबीएस पिवळं पडतं. वाकलेला घोटा गरम पाण्यात मऊ करून सरळ धरायचा आणि तसाच गार पाण्यात घालायचा, बसतो. पण पिवळं पडलेलं लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उजेडात ठेवून उजळवतात त्याला माझा पाठिंबा नाही, परत पिवळं पडू शकतं आणि मधल्यामध्ये रंगाची वाट.

बारा इंची फिगरांचे नकली लेदरचे जाकीट मात्र कशानेच वाचत नाही, पॉलियुरेथेन दमटपणाने सुटतं आणि पापुद्रे निघतात. जाकीट दुसरं शिवा. किमतीचं म्हणाल तर सीलबंद बॉक्सला भाव असतो हे खरं, पण कंपनीने तीच फिगर परत काढली की तो भाव कधी खाली येईल सांगता येत नाही, त्या भरवशावर सहा वर्षं तिचं तोंड न बघणं मला तरी जमलं नसतं.

प्रश्न: खरी आणि डुप्लिकेट कशी ओळखायची? सील होतं तरी फसलो.

उत्तर: सीलचं काय घेऊन बसलात, सील कुणीही मारतं. त्वचेचा रंग बघा, खऱ्यावर तो मॅट असतो, नकलीवर तेल लावल्यासारखा चमकतो. डोळे बघा, बऱ्याच फिगरचे डोळे हाताने रंगवत नाहीत, सिलिकॉनच्या मऊ गादीने ठसा मारतात, नकलीत तो ठसा सरकतो आणि पात्र तिरळं होतं. (खऱ्यातही सरकतो कधीकधी, म्हणून समोरासमोर घेत असाल तर दहा मिनिटं घालवून सगळ्यात बरा चेहरा निवडा, लाजायचं नाही.) साच्याची जोडरेघ केसांवर नखाला लागते. पंजे मनगटात शिरतच नाहीत किंवा शिरले की गळून पडतात. तळपायावर किंवा पाठीवर कॉपीराइटची बारीक अक्षरं कोरलेली असतात ती नसतात, बॉक्सचे फोटो धुरकट असतात कारण खऱ्या बॉक्सवरून स्कॅन मारलेला असतो. आणि उघडल्या उघडल्या डोकं दुखेल असा वास. त्यातलं एकही तपासायला मिळालं नाही आणि किंमत खऱ्याच्या निम्मी असेल, तर मग उत्तर किमतीतच आहे.

प्रश्न: शेल्फवर एकाच गेममधले दोन योद्धे, एक दुसऱ्याच्या कमरेला येतो. दोघांवर ॲक्शन फिगरच लिहिलंय.

उत्तर: स्केल बघितला नाहीत, म्हणजे फिगर खऱ्या उंचीच्या किती पट लहान आहे ते. १८० सेंटीमीटरचा माणूस १/१२ मध्ये १५ सेंटीमीटर, १/६ मध्ये ३०, १/१८ मध्ये १०. तुमचा एक १/६ आहे. मोठ्या डोक्याच्या छोट्या फिगर, नेन्डोरॉइड वगैरे, तर कुठल्याच स्केलमध्ये बसत नाहीत, साधारण १० सेंटीमीटर, मग पात्र राक्षस असो की पोर. रिव्ह्यू करणाऱ्यांनो, सेंटीमीटर लिहा, मध्यम आकाराची आहे म्हणून काय कळणार कुणाला.

प्रश्न: प्री-ऑर्डर केली, तारीख तीनदा पुढे गेली. एवढी वाट कोण बघतं? पूर्वी असं होतं का?

उत्तर: होतं, याहून भारी होतं. १९७७ मध्ये स्टार वॉर्स इतका चालला की केनर कंपनीच्या फिगर नाताळापर्यंत तयारच होईनात, मग त्यांनी चक्क रिकामा पुठ्ठा विकला, आत फिगर नाही, कुपन. ते भरून पाठवायचं आणि चार फिगर १९७८ मध्ये पोस्टाने घरी. पोरांनी नाताळला पुठ्ठा उघडला आणि आत कागद निघाला! तुमची निदान ऑर्डर रद्द तरी करता येते का ते आधी बघा, प्री-ऑर्डरचे पैसे आगाऊ पूर्ण घेत असतील तर मी करत नाही.

प्रश्न: विक्रेता फुकट फिगर पाठवतो म्हणाला, बदल्यात रिव्ह्यू. घेऊ?

उत्तर: घे, आणि पहिल्याच वाक्यात फुकट आलीय म्हणून सांग. विक्रेत्याला ते वाक्य चालत नसेल तर फिगर परत. फुकटची फिगर हातात जरा हलक्यानेच घेतली जाते, मी बघितलंय, तिला कुणी गुडघ्यावर बसवून बघत नाही.

प्रश्न: नमस्कार ताई, वय वर्षं ४९. लहानपणीचे जी.आय. जो सापडले, ते छोटे. एकाला उचललं तर कमरेतून दोन तुकडे झाले, आतून काळं काहीतरी पडलं. टीव्हीवरची ती कार्टून मालिका बघत हे हातात धरून बसायचो, टाकवत नाही.

उत्तर: टाकू नका हो, हे सगळ्यात सोपं दुखणं आहे. १९८२ पासूनच्या त्या पावणेचार इंची जोंच्या पोटात एक रबरी रिंग असते, तीच छाती, कंबर आणि पाय एकत्र ओढून धरते, म्हणून तर ते इतके मस्त बसायचे-वाकायचे. रबर इतक्या वर्षांत वाळून तुटतं, तुमचं काळं पडलेलं ते तेच. पाठीवर एक स्क्रू दिसेल, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, सैल बसणारा घेतलात तर स्क्रूचं डोकं झिजेल. स्क्रू काढला की छातीचे दोन भाग सुटतात आणि डोकं, दोन्ही हात लगेच गळून पडतात, तेव्हा खाली पसरट ताट ठेवा. दोन पायांच्या मध्ये धातूचा हूक आहे, नवी रिंग त्यात अडकवा, कमरेच्या भोकातून वर ओढा आणि छातीतल्या खुंटीवर चढवा, मग डोकं-हात जागेवर ठेवून वरून झाकण. तशाच मापाची ओ-रिंग मिळते, मात्र फार जाड घेऊ नका, जाड रिंगेच्या ओढीने कमरेचा मधला भाग मोडतो आणि तो मोडला की मग खरंच अवघड. स्क्रू घट्ट वाटला की थांबा, अजून एक पीळ देऊ नका.

आणि त्याच्या हातात बंदूक कोंबू नका अजून, अंगठे आधी गरम पाण्यात धरा. त्या काळच्या जोंचे अंगठेच सगळ्यात आधी जातात. तुमच्याकडच्या किती जणांचे शाबूत आहेत ते मोजून कळवाल का?